जुने दगडी पूल : वयाला भ्यायचं की पायाकडं बघायचं?

गंगावेशकर

नमस्कार मंडळी, पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडं एकच चर्चा सुरू होते, अमका पूल ब्रिटिशकालीन आहे, तमक्याची मुदत संपलीय, बंद करा नाहीतर पाडा. मला या चर्चेत एक गोष्ट कायम खटकते म्हणून धागा काढतोय. २०२५ च्या जुलैमध्ये गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडला, तो १९८५ चा होता, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या वयाचा, आरसीसीचा. आणि आपला कोल्हापूरचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल १८७० च्या दशकातला. दगडी कमानी, चुन्यातलं बांधकाम. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ ला छप्पन्न ओलांडलं (धोक्याची पातळी ४३ फूट आहे हे इथं सगळ्यांना पाठच असणार), तरी कमानी जागच्या हलल्या नाहीत. मग नुसतं वय बघून पूल धोकादायक ठरवायचा कसा?

पण म्हणून "जुनं ते सोनं, इंग्रजांनी बांधलंय, काही होत नाही" हे पण मला मान्य नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तो १९२८ चा दगडी कमानींचाच होता. दोन एसट्या आणि एक खाजगी गाडी त्या अंधारात सरळ पाण्यात गेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नाही असंच सांगितलं गेलं होतं.

म्हणजे पाहणी झाली की संपलं असं नाही, पाहणीत नक्की काय बघितलं हे आपण विचारलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक जुन्या पुलाचा तपासणी अहवाल लोकांना बघायला मिळाला पाहिजे, पुलाच्या दोन्ही तोंडाला बोर्ड लावून, शेवटची तपासणी कधी, पाण्याखालचा पाया बघितला का, किती टनाची गाडी चालेल. आपल्या जिल्ह्यात असे पूल कमी नाहीत, गगनबावडा रोडचा भोगावतीवरचा बालिंगा पूल आहे, शहरात जयंती नाल्यावरचा विल्सन पूल आहे, शेजारी सांगलीत आयर्विन आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा, विशेषतः बांधकाम खात्यात काम केलेलं कुणी असेल तर.

---

जुनाबुधवारी

भावा चांगला विषय काढलास. आमच्या पेठेत शिवाजी पूल म्हटलं की अजून २६ जानेवारी २०१८ ची रात्रच आठवते. गणपतीपुळ्याहून परत येणारी पुण्याच्या लोकांची मिनी बस कठडा तोडून खाली गेली, १३ माणसं गेली त्यात, बारकी पोरं पण होती. पेठेतली पोरं रात्रीच्या थंडीत पाण्यात उतरली होती, कुणी बोलवायची वाट बघितली नाही.

आता मला सांगा, त्या रात्री पूल पडला नव्हता. कमान शाबूत होती. पण माणसं गेलीच ना. अरुंद पूल, एका वेळी दोन मोठ्या गाड्या आल्या की घासून जायच्या, आणि कठडा बैलगाडीच्या हिशोबानं बांधलेला, त्याला भरधाव बस काय अडणार. त्यामुळं पूल मजबूत आहे का एवढंच विचारून चालणार नाही, आजच्या गाड्यांना तो पुरतोय का हे पण बघितलं पाहिजे. आणि शेजारचा नवा पूल तेव्हा अर्धवट उभा होता हे तर आम्ही कधीच विसरणार नाही.

---

आंबेवाडीची_लेक

जुनाबुधवारी दादा, अंगावर काटा आला वाचून. तुमच्या पेठेतल्या लोकांचे उपकार आहेत.

मी नदीच्या पलीकडची. माहेर आंबेवाडी, सासर वडणगे, नोकरी कोल्हापुरात, त्यामुळं आयुष्य पुलावरनंच गेलंय म्हणा. मला दुसरी बाजू सांगायचीय. पूल बंद करा म्हणणं शहरातल्या माणसाला सोपं आहे. आमच्याकडं पूल बंद म्हणजे दूध शहरात जायचं थांबतं, बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर कुठून न्यायची, कॉलेजच्या पोरींची शेवटची गाडी चुकली तर घरचे जीव मुठीत धरून बसतात. पुरात तर रेडेडोहाजवळ आणि केर्लीत रस्त्यावरच पाणी येतं, मग पूल उभा असून पण आम्ही बेट होतो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या एकत्र येतात आणि ते सगळं पाणी आमच्या दारातनं जातं, पुराचं पाणी कसं असतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

लहानपणी आजी विचारायची मच्छिंद्री बुडाली का गं? शिवाजी पुलाच्या खांबाची मच्छिंद्री, म्हणजे खांबाचा पुढं आलेला दगडी भाग, पाण्याखाली गेली की समजायचं, जनावरं सोडा आणि सामान माळ्यावर टाका. आता मोबाईलवर फूट-इंच येतात, पण आमच्यातली म्हातारी माणसं अजून तेच विचारतात.

मला खरंच जाणून घ्यायचंय, एवढ्या पुरात कमान टिकते तर मग सावित्रीचा पूल का गेला? कुणीतरी साध्या भाषेत सांगा.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी सांगलीचा, नोकरी बहुतेक पुलांच्याच कामात गेली.

दगडी कमानीचं तत्त्व असं की वरून भार आला की दगड एकमेकांवर दाबले जातात. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि कमानीच्या आकारामुळं ताण येतच नाही. त्यात लोखंड नाही म्हणजे गंजायचा प्रश्न नाही. आरसीसी पुलात आतली सळी गंजली की ती फुगते आणि काँक्रीट फोडते, म्हणून ४० वर्षांचा आरसीसी पूल दीडशे वर्षांच्या कमानीपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. गंगावेशकर म्हणतायत ते बरोबर आहे, नुसत्या वयावरून काही ठरत नाही.

पण कमानीला एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे पाया हलणं. वरचा भार ती वाटून घेते, पण एक खांब थोडा जरी खचला किंवा कलला तरी तिचा तोल बिघडतो, आणि एका खांबाला दोन्ही बाजूच्या कमानी टेकलेल्या असतात त्यामुळं एक गेली की शेजारची पण जाते. नदीतला खांब खचतो कशानं, तर पुराचं पाणी खांबाला आपटून खाली वळतं, तिथं भोवरा तयार होतो आणि तो पायाभोवतीची माती-वाळू उकरून नेतो. खात्यात याला सगळे स्कावर म्हणतात. जगभरात नदीवरचे पूल पडायचं हे फार मोठं कारण आहे.

आता यातला खरा घात ऐका. खड्डा सगळ्यात खोल असतो तो ऐन पुरात, जेव्हा आत कुणी उतरू शकत नाही. पूर ओसरायला लागला की तोच खड्डा गाळानं भरून येतो. महिन्याभरानं साहेब पाहणीला येतात तेव्हा तळ सपाट दिसतो, खांब सरळ दिसतो, आणि कागदावर "समाधानकारक" लिहिलं जातं. पण तो भरलेला गाळ मऊ असतो, त्यात पूर्वीची ताकद नसते, पुढच्या पुरात तो पहिल्या तासातच निघून जातो. म्हणून वरून किंवा काठावरून बघून पुलाबद्दल काही सांगता येत नाही. पाणबुडे उतरवावे लागतात, नाहीतर निदान दोरीला वजन बांधून प्रत्येक खांबाभोवती खोली मोजून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघावी लागते. होडीतून हे काम एका दिवसात होतं, त्याला खर्च पण फार नाही.

त्यात वाळूउपसा. पुलाच्या आसपास वाळू काढली की नदीचा तळच खाली जातो, मग पाया उघडा पडायला पूर पण लागत नाही.

---

ऊसवाला

सायेब एकच नंबर लिवलंय. आता माझा प्रश्न. आमी ऊस वढणारी मानसं. हंगामात ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या लावून जुन्या पुलावरनं जातोय, गावाकडनं कारखान्याला दुसरा रस्ताच न्हाई. पूल जुना हाय म्हनून बोर्ड लावलाय "जड वाहनास बंदी" पन तिथं मानूस कुनी उभा नसतोय आनि आमी गेलो न्हाई तर ऊस वाळतोय, वजन घटतंय, नुकसान आमचंच. खरं सांगा, आमच्या ट्रॉल्यांनी पुलाला काय हुतंय का? हुत आसंल तर आमी पन इचार करू, पुलावरनं आमचीच पोरं शाळंला जात्यात.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

ऊसवाले दादा, विचारलंत हे फार बरं केलंत.

चांगल्या अवस्थेतली कमान तुमची ट्रॉली सहज पेलते. कमान आणि डांबर यांच्यामध्ये मुरूम-डबराची भर असते, ती चाकाचा भार पसरवते. प्रश्न येतो तो पुलात पाणी मुरायला लागल्यावर. पाणी निघून जायला ठेवलेली भोकं माती-कचऱ्यानं बुजतात, मग पावसाचं पाणी त्या भरावात साठतं, चुना हळूहळू धुऊन जातो (कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसतात ना, तो चुनाच बाहेर येतोय), आणि ओला भराव बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो. अशा पुलावरून जड गाडी वेगात आणि खड्ड्यातून आदळत गेली की नुकसान वाढतं. त्यामुळं तुम्हाला सांगणं एवढंच की पुलावर वेग अगदी कमी ठेवा, मधोमध चाला, एका वेळी एकच ट्रॅक्टर पुलावर असू दे, मागचा तोंडाशी थांबू दे. बंदी असेल तिथं मात्र जाऊच नका, आणि पर्यायी रस्ता द्यायची जबाबदारी खात्याची आणि कारखान्याची आहे, ती तुम्ही सगळ्यांनी मिळून मागा. नुसता बोर्ड लावून जबाबदारी संपत नाही, उंचीचा अडथळा बसवला तरच बंदी पाळली जाते.

अजून एक, जुनाबुधवारींनी कठड्याचं लिहिलंय त्यावरून सांगतो. दर थोड्या वर्षांनी जुन्यावर नवीन डांबर टाकत जातात, खरवडून काढत नाहीत. प्रत्येक थरानं पुलावर विनाकारण वजन वाढतं आणि रस्ता वर आल्यानं कठडा तेवढा बुटका होतो. जुन्या पुलावर डांबर टाकायचं असेल तर आधीचं काढूनच टाकलं पाहिजे. हे मी नोकरीत असताना पण भांडून सांगायचो.

---

दगडमाती

माझ्या वाचनात आणि ऐकण्यात दोन गोष्टी कायम येतात, एक म्हणजे जुन्या लोकांनी चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ घातलं होतं म्हणून हे पूल टिकले, आणि दुसरं म्हणजे शंभर वर्षं झाली की विलायतेतनं पत्र येतं की आमच्या पुलाची मुदत संपली. आपल्या शिवाजी पुलाबद्दल तर हे पत्राचं लहानपणापासून ऐकतोय, सावित्रीच्या वेळी पण सगळीकडं फिरत होतं. अभियंता काका यावर काय म्हणाल?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

चुन्यात अशा वस्तू घालायची पद्धत आपल्याकडं जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या कामात होती. पण पूल उभा आहे तो मुख्यतः कमानीच्या आकारामुळं आणि नीट घडवलेल्या काळ्या दगडामुळं. चुन्याचा गुण वेगळा, तो थोडा लवचिक असतो, बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळून तीच भेग पुन्हा भरून काढतो. म्हणूनच जुन्या पुलाच्या सांध्यात सिमेंट भरतात तेव्हा मला वाईट वाटतं. सिमेंट कडक, ते पाणी आत कोंडून ठेवतं, आणि मग सांधा राहतो पण शेजारचा दगड फुटतो. चुन्याच्या कामाची दुरुस्ती चुन्यानंच करायची.

पत्राच्या गोष्टीपायी मात्र आपलं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पुलाला दुधाच्या पिशवीसारखी शेवटची तारीख नसते. पत्र आलं म्हणजे पूल संपला आणि नाही आलं म्हणजे ठीक, असं लोकांच्या डोक्यात बसलं की मग दरवर्षी खाली उतरून बघायचा आग्रह कुणी धरत नाही.

---

थेम्सकाठचा_कोल्हापुरी

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या लंडनात. इंग्रजांचं सगळं चोख असतं असं वाटणाऱ्यांसाठी, इथं हॅमरस्मिथ पूल आहे, १८८७ चा, झुलता पूल. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागात तडे सापडले म्हणून एप्रिल २०१९ मध्ये गाड्यांना बंद केला, ऑगस्ट २०२० मध्ये तर पायी चालणाऱ्यांना आणि खालून जाणाऱ्या बोटींना पण बंद केला. नंतर दुरुस्ती करून चालणारे आणि सायकलवाल्यांना सोडला. पण मोटारींसाठी पैसे कुणी द्यायचे यावरून घोळ वर्षानुवर्षं चालला, बसनं पलीकडं जाणारी म्हातारी माणसं अडकली. आंबेवाडीच्या ताई म्हणतात तीच व्यथा इथं पण ऐकली.

तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तडे मोजले, जाहीर केले, आणि पूल पडायच्या आधी बंद केला. लोकांनी शिव्या घातल्या, पण माणूस एकही गेला नाही. दुसरीकडं ब्रिस्टलजवळचा क्लिफ्टनचा झुलता पूल १८६४ चा आहे, त्यावरून आजही गाड्या जातात, पण जड वाहनं सोडत नाहीत, टोल घेतात आणि तो पैसा पुलाच्याच देखभालीला वापरतात. जुना पूल वापरात ठेवायचा तर असं कुणीतरी रोज त्याच्याकडं बघायला लागतं.

---

रंकाळा_पॉइंट

मला वेगळं वाटतं आणि स्पष्ट लिहितो. एवढा खटाटोप कशाला, सगळे जुने पूल वाहतुकीला बंद करा आणि नवे बांधा. सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसात बांधून झाला की, जून २०१७ ला सुरू पण झाला. मनात आणलं तर होतं. माणसं मेल्यावरच मनात येतं हे दुर्दैव.

---

गंगावेशकर

रंकाळा_पॉइंट, तुमचा राग समजतो आणि शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. शिवाजी पुलाच्या शेजारच्या नव्या पुलाचंच बघा ना, ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित स्मारक, पुरातत्त्वाच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं शंभर मीटरच्या आत बांधकामाला पूर्ण मनाई, त्यात काम अर्धवट अडकलं ते अडकलंच. लोकांनी मोर्चे काढले, आंदोलनं केली, २०१८ चा अपघात झाला, आणि मग २०१९ मध्ये पूल सुरू झाला. तिथं नवा पूल हवाच होता, जुन्याच्या रुंदीत आजची रत्नागिरी रोडची वाहतूक बसतच नव्हती.

पण सगळीकडं एकदम नवा पूल होणार नाही, तेवढा पैसा पण नाही आणि जागा पण नाही. नवा होईपर्यंतची जी पाच-दहा वर्षं असतात ना, तीच खरी धोक्याची, कारण "आता नवा येणारच आहे" म्हणून जुन्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. दुरुस्तीचं टेंडर निघत नाही, झुडपं वाढतात, आणि सगळी वाहतूक मात्र त्याच्यावरनंच चालू. शिवाय नवा झाल्यावर जुना पाडलाच पाहिजे असंही नाही. जौनपूरचा शाही पूल अकबराच्या काळातला, त्याच्यावरनं लोक आजपण जातात. हैदराबादचा पुराना पूल १५७८ चा, तिथं गाड्या बंद करून भाजीबाजार भरला. आपला १९२९ चा आयर्विन सांगलीकरांना किती जवळचा आहे, पुराची पातळी पण त्याच्याच नावानं सांगतात. असा पूल हलक्या गाड्यांना, सायकलला, चालणाऱ्यांना ठेवला तर आणखी शंभर वर्षं जाईल. मला हे पूल टिकायला हवेत, मनापासून हवेत, आणि म्हणूनच त्यांची तपासणी नीट व्हायला हवी.

---

आंबेवाडीची_लेक

+१. काका, आम्ही सामान्य माणसांनी काय बघायचं? पाण्यात तर आम्ही उतरू शकत नाही. आणि खात्यात विचारायचं तर नक्की काय विचारायचं, "पूल चांगला आहे का" विचारलं तर "हो आहे" असंच उत्तर येणार.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

ताई, बघण्यासारखं बरंच आहे, आणि रोज जाणाऱ्या माणसाच्या नजरेला जे दिसतं ते वर्षातनं एकदा येणाऱ्या साहेबाला दिसत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावरून खांबांचे फोटो काढून ठेवा, दरवर्षी त्याच जागेवरून. पाण्याच्या रेषेजवळचे दगड निखळलेत का, खांबाच्या बुडाला पोकळी दिसते का. कमानीची कड डोळ्यानं एका रेषेत आहे का, मध्येच बसलेली वाटते का. कठडा पूर्वी सरळ होता आणि आता बाहेर झुकलाय का, म्हणजे आतून भराव ढकलतोय. पिंपळ-उंबराची रोपं दिसली तर वरून तोडून उपयोग नाही, मूळ सांध्यात जाड होत जातं आणि दगड उचकटतं, ते बारीक असतानाच मुळासकट मारायला लागतं. पावसात पुलावर पाणी तुंबत असेल तर लगेच तक्रार करा, हे सगळ्यात सोपं काम आहे, एक गडी आणि एक पहार लागते. आणि पुरात खांबाला अडकलेली झाडं, जलपर्णीचे ढीग दिसले तर तेही कळवा, त्यानं पाण्याचा दाब वाढतो आणि पायाजवळची उकर पण वाढते.

आता काय विचारायचं ते. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसात उत्तर द्यायला लागतं. त्यात "पूल सुरक्षित आहे का" असं लिहू नका, कागद मागा. पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या तपासणीचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल, प्रत्येक खांबाजवळ मोजलेली नदीच्या तळाची पातळी, पाण्याखालची तपासणी कोणत्या तारखेला आणि कुणी केली, वाहनभाराची मर्यादा किती टन ठरवली आणि ती कशाच्या आधारावर, अहवालात सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या झाल्या. तळाच्या पातळीचे आकडे आले नाहीत तर समजायचं पायाची तपासणी झालेली नाही, मग तेवढ्याचीच लेखी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावानं पाठवा. अर्ज कोणत्या कार्यालयाला करायचा ते रस्ता कुणाकडं आहे त्यावर ठरतं, राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद की महापालिका.

---

ऊसवाला

सायेब, आमच्या गावच्या पुलाचा रस्ता जिल्हा परिषदेकडं हाय. ह्या ग्रामसभेत ठराव मांडतोय, आनि ट्रॅक्टरवाल्या पोरांना एका टायमाला एकच गाडी पुलावर घालायची हे आजच सांगतो. तुमी लिवलेली अर्जातली वळ न वळ तशीच उतरवून घेतलीया.

---

गंगावेशकर

बालिंगा आणि विल्सन पुलाचे अर्ज मी करतो. आयर्विनसाठी सांगलीकरांपैकी कुणी पुढं येणार का? उत्तरं आली की आकड्यांसकट इथंच टाकू, आणि अजून कुठला जुना पूल वापरात असेल तर गाव, नदी, रस्ता कुणाकडं आहे आणि काठावरून काढलेला एक फोटो एवढं प्रतिसादात द्या.